आधी घास, मग कारणं

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या माझ्यासारखीचा दिवस ‘कमी करा’ हे सांगण्यात जातो. साखर कमी करा, मीठ कमी करा, तळलेलं कमी करा. समोरचा माणूस मान डोलावतो आणि चार्ट घेऊन घरी जातो. त्याच दिवशी कधी बालरोग विभागातून, तर कधी मानसोपचार विभागातून बोलावणं येतं आणि अशा एखाद्या मुलीच्या कॉटजवळ जाऊन बसावं लागतं, जिच्या कानावर यातलं एकही वाक्य पडता कामा नये. पुण्यात हे काम करता करता माझे केस पिकले. मधुमेहाच्या रुग्णाचं पथ्य चुकलं तर पुढच्या भेटीत सुधारता येतं. ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या मुलीचं ताट भरलेलंच परत आलं, तर दुसऱ्या दिवशीचा ईसीजी काय दाखवेल याची धास्ती सगळ्या वॉर्डाला असते.

ती माझ्यापर्यंत पोहोचते तेव्हा आईच्या हातात जाडजूड फाईल असते. आधी पोटाचे डॉक्टर झालेले असतात, कारण ‘दोन घास खाल्ले की पोट फुगतं’ ही पहिली तक्रार. सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, थायरॉईड, टीबीची शंका. मग पाळी थांबली म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ. तिथे हॉर्मोनच्या गोळ्या मिळतात, गोळ्यांनी रक्तस्राव होतो आणि घरच्यांना वाटतं, चला, गाडी रुळावर आली. प्रत्यक्षात उपाशी शरीराने पाळी बंद करून जो इशारा दिलेला असतो, तो गोळ्यांनी झाकला जातो. हाडांची झीज त्याने थांबत नाही. घरी दृष्ट काढून झालेली असते, कुलदैवताला जाऊन आलेले असतात. रक्ताचे रिपोर्ट मात्र बहुतेक वेळा ‘नॉर्मल’. या आजारात रक्त बऱ्याच उशिरापर्यंत काही बोलत नाही आणि त्यामुळेच घरचे, शिक्षक, कधी कधी डॉक्टरही म्हणतात, ‘काही झालेलं नाही, नखरे आहेत.’

नखरे नसतात. वजन घसरत असतानाही ते वाढेल याची जिवाला कापरं भरवणारी भीती आणि आपण किती खंगलो आहोत हे स्वतःला न दिसणं, असा हा आजार आहे. भूक मेलेली नसते. ती लागते, रात्री झोपू देत नाही. पण ती मारता आली की या मुलींना काहीतरी जिंकल्यासारखं वाटतं आणि खाल्लं की गुन्हा केल्यासारखं. सुरुवात साधी असते. दहावीच्या वर्षात गोड सोडलं, मग भात सोडला, मग रात्रीचं जेवण. मधल्या काळात कौतुक होतं. लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक मावशी ‘काय बारीक झालीस गं, काय करतेस?’ म्हणून विचारते. ज्या मुलींना हा आजार गाठतो त्या बहुतेकदा वहीला रेघा आखून लिहिणाऱ्या, शब्दाला जागणाऱ्या असतात. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणं त्यांना ठाऊक नसतं. डाएटही त्या अर्ध्यावर सोडत नाहीत.

एक सांगून ठेवते. या लेखात कुणाचं वजन किंवा कुणी किती कॅलरी खाल्ल्या याचा आकडा नाही. आजारी मुलं असे लेख शोधून वाचतात आणि आकड्यांशी स्पर्धा लावतात. रुग्णांची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

आता त्यातलीच एक मुलगी. सोळा वर्षांची, अकरावी सायन्स. दाखल केली तेव्हा दिवसा जागेपणी नाडी मिनिटाला ४२. वडील म्हणाले, ‘रोज पळायला जायची, त्यामुळे असेल. खेळाडूंची नाडी कमीच असते ना?’ खेळाडूंची असते, पण ती तगड्या हृदयाची असते. हिच्या शरीराने खर्च वाचवण्यासाठी हृदयाचा वेग उतरवला होता. झोपलेल्या स्थितीतून उभी केली की रक्तदाब पडायचा. हात बर्फासारखे, एप्रिल महिन्यात अंगात स्वेटर, दंडांवर आणि पाठीवर बारीक मऊ लव. ऊब धरून ठेवण्यासाठी उपाशी शरीर अशी लव वाढवतं. किशोरवयीन मुलीची नाडी दिवसा ५० च्या खाली असेल तर दाखल करायचं, इथे चर्चेला जागा नसते.

आई पहिल्याच संध्याकाळी घरून डबा घेऊन आली. तुपाची धार सोडलेला शिरा, बदामाचं दूध, चार लाडू. ‘मॅडम, आता तुम्ही आहात ना, हिला भरपूर खायला घालू.’ त्या आईला थांबवताना माझा जीव कासावीस झाला, पण थांबवावं लागलं. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर माणूस दगावू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. उपासमारीत शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तगतं आणि पेशींमधला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचा साठा आटत जातो. अन्न पोटात गेलं, विशेषतः पिष्टमय अन्न, की इन्शुलिन वाढतं आणि हे क्षार रक्तातून पेशींमध्ये खेचले जातात. रक्तातला फॉस्फरस झपकन उतरतो. हृदयाचा ठेका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात. वैद्यकात याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून पहिले काही दिवस अन्न मोजून, रोज थोडं वाढवत, आधी बी-१ जीवनसत्त्व देऊन आणि रोज रक्त तपासून दिलं जातं. सकाळचा फॉस्फरसचा रिपोर्ट आल्याशिवाय मी त्या दिवसाचा डाएट शीट किचनला पाठवत नाही. हेही खरं की फार भीत भीत, अगदी थेंब थेंब अन्न वाढवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. नीट लक्ष ठेवणार असाल तर किशोरवयीन मुलांना बऱ्यापैकी अन्नापासून सुरुवात करता येते आणि त्यांची नाडी लवकर सुधारते.

चौथ्या दिवशी दुपारच्या ताटात पोळी आली. वरण-भात, बटाट्याची भाजी, दही आणि घडी घातलेली तूप लावलेली पोळी. तिने पोळी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तूप किती आणि कुठे लागलंय ते ती बघत होती. मग नखाएवढे तुकडे केले, ते ताटाच्या कडेने ओळीत मांडले. एक तुकडा तोंडात टाकायचा, मोजून चावायचा, पाण्याचा घोट घ्यायचा. बटाट्याची फोड चमच्याने बाजूला सारून तिच्यावर भाताची शितं ओढायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज नव्हता. तिच्याशेजारी वॉर्डातल्या मावशी बसल्या होत्या. शिक्षण फारसं नाही, पण या कामात मी त्यांच्याइतकी समज थोड्याच लोकांमध्ये पाहिली. त्या ‘खा गं बाई’ म्हणत नव्हत्या. त्या आपल्या नातवाबद्दल सांगत होत्या, तो शाळेत जायला कसा रडतो आणि व्हॅनवाले काका त्याला कसा उचलून नेतात. मुलीचा हात थांबला की त्याही थांबायच्या, ताटाकडे बोट करायच्या आणि परत नातवावर यायच्या.

ताटासाठी अर्धा तास. उरेल त्याच्या बदली तेवढ्याच पोषणाचा दुधाचा ग्लास. नंतर तासभर कुणाच्या तरी नजरेसमोर बसून राहायचं. वॉर्डात हे नियम सगळ्यांना पाठ असतात आणि ते रागाने पाळायचे नसतात. जेवतेवेळी मी एवढंच म्हणते, ‘भात संपवायचा आहे. मी इथेच बसले आहे.’ अन्नावर वाद नाही, हिशेब नाही, विनवणी नाही. आणि कौतुकही नाही. ‘वा, किती छान जेवलीस!’ हे वाक्य निरोगी मुलाला शाबासकी असतं. या आजारातल्या मुलीच्या डोक्यात ते ‘तू हावरट आहेस’ असं उतरतं. त्याच आठवड्यात भेटायला आलेल्या एक काकू प्रेमाने म्हणून गेल्या, ‘आता कशी माणसात आलीस! चेहरा भरला.’ रात्रीचं ताट जसंच्या तसं परत आलं. काकूंचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दारातच सांगतो की शरीराबद्दल काहीही बोलू नका. बरंही नको आणि वाईटही नको. क्रिकेटवर बोला, मांजरावर बोला.

एक गोष्ट मला सुरुवातीच्या वर्षांत फार चक्रावून टाकायची. या मुली अन्नापासून पळत नसतात, अन्नाभोवतीच फिरत असतात. मोबाइलमध्ये शेकडो पाककृती जपून ठेवलेल्या. घरी केक करायच्या, भावंडांना आग्रहाने वाढायच्या, आईने पोळ्या किती लाटल्या याचा हिशेब ठेवायच्या. हे आजाराच्या मूळ स्वभावातलं असेल असं वाटायचं. याचं उत्तर मला अमेरिकेतल्या एका जुन्या प्रयोगात मिळालं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण पुरुषांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण, शरीराने आणि मनाने ठणठणीत, स्वखुशीने आलेले. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शोधण्यासाठी त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं. आणि त्यांच्या वागण्यात जे बदल नोंदवले गेले, ते वाचताना माझ्यासमोर माझा वॉर्ड उभा राहिला. ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. एक ताट तासन् तास पुरवू लागले, पदार्थ एकमेकांत कालवून विचित्र मिश्रणं करू लागले. सतत थंडी, चिडचिड, उदासी, मित्रांपासून दूर राहणं, अन्नाखेरीज दुसरा विचार नाही. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं, त्यांच्या आईशी भांडण नव्हतं, फॅशनच्या मासिकांशी त्यांचा संबंध नव्हता. उपासमारीने मेंदूचं हे केलं होतं. पोटभर अन्न मिळू लागल्यावरही मन ताळ्यावर यायला त्यांना कित्येक महिने लागले.

या प्रयोगाने माझी एक गोष्ट कायमची पक्की केली. पालक येतात तेव्हा त्यांना आधी कारण हवं असतं. ‘तिच्या मनात काय आहे ते शोधा, मग ती आपोआप खाईल.’ मी त्यांना सांगते, उलट आहे. उपाशी मेंदूशी मनाचं बोलणं होत नाही. तो एकाच रुळावर फिरतो, त्याला लवचीकपणे विचार करता येत नाही, आपण आजारी आहोत हेही त्याला मान्य होत नाही. ‘तिला खावंसं वाटेल तेव्हा खाईल’ म्हणून वाट पाहणं म्हणजे आजारालाच आजार बरा करायला सांगणं. आधी घास. वजन सावरलं, मेंदूला पोषण मिळालं की मनावरचं काम सुरू करता येतं आणि ते पुष्कळ बाकी असतं. आनुवंशिकतेचा वाटाही आता दिसू लागला आहे. २०१९ मध्ये जवळपास १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मानसिक आजारांइतकेच चयापचयाशी जोडलेले धागे सापडले. आईने लहानपणी काय म्हटलं याच्या उत्खननात महिने घालवण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

आईवरून आठवलं. या आजारात आयांवर इतका अन्याय झाला आहे की लिहिताना राग येतो. व्हिक्टोरिया राणीच्या वैद्यांपैकी एक असलेल्या विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये या आजाराला त्याचं आजचं नाव दिलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये शार्ल लासेग यांनी अशाच रुग्णांचं वर्णन केलं. गल यांनी ठरावीक वेळाने खाऊ घालण्यावर भर दिला होता, तो आजही खराच आहे. पण नातेवाईक हे अशा रुग्णाची शुश्रूषा करायला सर्वांत निरुपयोगी, असंही त्यांचं मत होतं आणि पुढची शंभर वर्षं वैद्यकाने ते उराशी धरलं. मुलीला घरापासून तोडायचं, आईला दाराबाहेर उभं करायचं, घरातच दोष शोधायचा.

हे उलटवलं लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयाने. जेराल्ड रसेल, क्रिस्टोफर डेअर, आयव्हन आयस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉर्डात वजन भरून घरी गेलेल्या रुग्णांचा अभ्यास १९८७ मध्ये मांडला. ज्यांचा आजार एकोणिसाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकट्याने समुपदेशन देण्यापेक्षा कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार अधिक लागू पडले. त्यातून आजची कुटुंबाधारित उपचारपद्धती उभी राहिली. पहिल्या टप्प्यात जेवणाचा सगळा कारभार आईवडिलांच्या हातात. काय, किती, केव्हा हे ते ठरवणार, वाढणार, शेजारी बसून संपवून घेणार. वजन सावरलं की हळूहळू तो कारभार मुलीच्या हाती परत. शेवटी वयात येण्याचे तिचे स्वतःचे प्रश्न. सहा महिने ते वर्षभर हे चालतं. २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन मुलांवरचा अभ्यास आला. उपचार संपल्यानंतर वर्षभराने कुटुंबाधारित उपचारांच्या गटातली ४९ टक्के मुलं पूर्ण बरी होती, तर एकट्याने थेरपी घेतलेल्यांपैकी २३ टक्के. म्हणजे हे रामबाण नाही. पण आपल्या हातात मुलांसाठी असलेलं सर्वांत चांगलं साधन हेच आहे.

या पद्धतीत दुसऱ्याच भेटीत कुटुंबाने जेवण घेऊन यायचं असतं आणि तिथेच, ओपीडीच्या खोलीत, एकत्र जेवायचं असतं. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या खोलीत एका कोपऱ्यात मीही असते. त्या अकरावीतल्या मुलीच्या आईने डबा उघडला. भिजवलेले मूग, काकडीची कोशिंबीर, पातळ ताक. मुलगी जे ‘चालेल’ म्हणेल तेच घरात शिजत होतं, कारण निदान तेवढं तरी पोटात जातं ना. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘उपासमारीने आजारी पडलेल्या लेकराला बरं करायला तुम्ही काय रांधाल?’ आई गप्प. मग हळूच म्हणाली, ‘वरणफळं. वर तूप. तिला लहानपणी फार आवडायची.’ पुढच्या भेटीत तीच आली. मुलगी डब्याकडे बघून किंचाळली, बाबांना नको नको ते बोलली. ‘तू मला जाड करणार आहेस, तुला मी आवडतच नाही.’ तिचे बाबा बँकेत नोकरीला, घरात पाण्याचा ग्लासही स्वतः न घेणारे गृहस्थ. त्यांनी खुर्ची सरकवून तिच्या जवळ घेतली. म्हणाले, ‘तू कितीही चिडलीस तरी मला चालेल. हा घास घे.’ पाऊण तास गेला. आठ-दहा घास गेले असतील. त्या खोलीत आम्हाला एवढंच पाहायचं असतं की आजाराच्या आरडाओरड्याला घर घाबरलं नाही.

त्या बाबांनी नंतर दोन महिने बिनपगारी रजा काढली. सकाळचा नाश्ता ते, दुपारचं आई, चारचं खाणं आजी. आपल्याकडच्या भरल्या घराचा इथे मोठा उपयोग होतो. परदेशी पुस्तकांत आईवडील दोघंच असतात. आमच्याकडे काका असतो, आत्या असते, खालच्या मजल्यावरच्या काकू असतात. मात्र सगळ्यांचं बोलणं एक हवं. एकाने आग्रह करायचा आणि दुसऱ्याने ‘असू दे, आज नको’ म्हणायचं, असं झालं की आजार नेमका त्या फटीतून आत शिरतो. आणि आपलं स्वयंपाकघर या आजारासाठी किती समर्थ आहे हे मी रोज पाहते. या मुलींचं पोट मंदावलेलं असतं, दोन घासांत डब्ब होतं, त्यामुळे सॅलड आणि कोंड्याची बिस्किटं इथे कामाची नाहीत. थोडक्यात खूप पोषण देणारं हवं. आळिवाची खीर, दाण्याचा लाडू, तुपातली मुगाची खिचडी, शिरा, खोबऱ्याची वडी. बाळंतिणीला काय घालायचं हे ज्या आजीला ठाऊक आहे, तिला मला फारसं शिकवावं लागत नाही.

त्या अकरावीतल्या मुलीच्या आजींनी दुसरा प्रश्नही सोडवला. ती मुलगी संकष्टी, सोमवार, नवरात्र, सगळे उपास धरायला लागली होती. धार्मिक घरात उपासाला कोण ‘नाही’ म्हणणार? आजार अशा आडोशाला फार काळ सुखाने राहतो. उपचार चालू असेपर्यंत मुलीचा एकही उपास नाही, हे मी सगळ्या कुटुंबांना पहिल्याच दिवशी सांगते. आजी म्हणाल्या, ‘तिच्या वाट्याचे मी करीन. देवाला काय सांगायचं ते मी सांगते.’ विषय मिटला.

आपल्याकडे हा आजार दर वेळी ‘मला जाड व्हायचं नाही’ असं बोलत येत नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की तिथल्या बऱ्याच रुग्णांना लठ्ठपणाची भीती नव्हती. ‘पोट भरल्यासारखं वाटतं’, ‘इच्छाच होत नाही’ असं ते म्हणत. १९९५ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी पाच तरुणींची हकिकत लिहिली. न खाणं, उलट्या, ढासळतं वजन, थांबलेली पाळी हे सगळं होतं, पण स्वतःच्या शरीराबद्दलची ती ठरावीक विकृत प्रतिमा नव्हती. पोटाच्या डॉक्टरांच्या दारात आमच्या इतक्या मुली का सापडतात, ते यावरून कळावं. आणि मुलगेही असतात. १६८९ मध्ये रिचर्ड मॉर्टन या इंग्रज वैद्याने अशा खंगण्याचं वर्णन केलं, त्यातल्या दोन रुग्णांपैकी एक मुलगा होता. आज हे मुलगे जिम आणि ‘फॅट लॉस’च्या नावाखाली दडतात, आणि पाळी थांबण्याचा इशारा त्यांच्या बाबतीत मिळतच नाही.

औषधांबद्दल लोक हमखास विचारतात. हा आजार बरा करणारी गोळी नाही. ओलान्झापिनने काहींना थोडी मदत होते, विचारांचा घोळका जरा शांत होतो. नैराश्याच्या गोळ्या उपाशी मेंदूवर फारशा चालत नाहीत. मोठ्यांसाठी ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ऑक्सफर्डमध्ये विकसित केलेली संज्ञानात्मक वर्तनोपचाराची पद्धत आणि तिच्यासारख्या थेरपी आहेत, पण मोठ्या वयात, जुन्या आजारात वाट लांबची असते. माझ्याकडे पस्तिशी ओलांडलेली एक शिक्षिका येते. आजार तिच्या अर्ध्या आयुष्याएवढा जुना. हाडं साठीच्या बाईसारखी, कारण हाडं भरण्याची वर्षं उपासात गेली. तिने एकदा विचारलं, ‘आता काय उपयोग?’ मी तिला बोस्टनमधला अभ्यास सांगितला. ॲनोरेक्सिया झालेल्या स्त्रियांचा तिथे दोन दशकांहून अधिक काळ पाठपुरावा केला गेला. नऊ वर्षांनी जेमतेम एक तृतीयांश बऱ्या झाल्या होत्या, बावीस वर्षांनी जवळपास दोन तृतीयांश. दहा वर्षांनंतरही माणसं या आजारातून बाहेर येतात. ती आता शाळेत डबा नेते आणि इतर शिक्षिकांबरोबर बसून खाते. तिच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे तिच्याशेजारी बसणाऱ्यांना माहीत नाही.

सगळ्या बाहेर येत नाहीत. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्यू ओढवणाऱ्या आजारांत याची गणना होते. अशा रुग्णांच्या मृत्यूचं प्रमाण त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा पाच-सहा पट आहे आणि त्या मृत्यूंपैकी पाचातला एक आत्महत्येचा. म्हणून ‘वय आहे, निघून जाईल’ हे ऐकलं की मी समोरच्याला बसवून घेते. आपल्याकडे या आजारासाठी खास विभाग फार थोडे आहेत. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांची मोट प्रत्येक रुग्णासाठी नव्याने बांधावी लागते. खर्चाचं ओझं वेगळंच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणं बंधनकारक केलं आहे. तरीही दावा नाकारल्याची पत्रं घेऊन पालक येतात. त्यांनी ते पत्र घडी घालून ठेवू नये. डॉक्टरांकडून निदान स्पष्ट लिहून घ्यावं आणि तक्रार करावी.

ती अकरावीतली मुलगी वर्ष वाया घालवून बारावी झाली. मधे एकदा पुन्हा घसरली, बाबांनी पुन्हा खुर्ची जवळ घेतली. आता कॉलेजात आहे आणि तिची पाळी गोळीशिवाय येते.

तुमच्या घरात, शेजारी, वर्गात एखादं मूल खाण्याचे पदार्थ एकेक करून गाळत असेल, सगळ्यांबरोबर जेवायचं टाळत असेल, उन्हाळ्यात गारठत असेल, पळणं एक दिवसही चुकलं तर अस्वस्थ होत असेल, किंवा मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर वजनाचा काटा आणखी खाली जायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. नाडी आणि रक्तदाब आडवं झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा मोजायला सांगा. ईसीजी काढा, पोटॅशियम आणि फॉस्फरस तपासा. चक्कर येऊन पडत असेल, छातीत धडधडत असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. कुठून सुरुवात करायची ते सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.